शेवाळातला करंडा

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या पुतणीने जुना दात घासायचा ब्रश मागितला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना वाटले, पोरीला घरकामाची गोडी लागली. पण ती ब्रश घेऊन गेली ती थेट वाघोलीच्या वाघेश्वराच्या तळ्यावर. काठचे दगड घासून बाटलीभर तपकिरी पाणी घेऊन परत आली! एम. एस्‌सी. होऊन शेवटी हेच का, असे घरात सगळ्यांच्याच तोंडावर दिसले.

"काका, यात डायाटम आहेत," ती म्हणाली. डायाटम म्हणजे एकपेशीय शैवल. त्याचे कवच सिलिकेचे, म्हणजे जवळजवळ काचेचेच. कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तशी त्याची दोन शकले. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा या करंड्यांचा, हे ऐकल्यावर त्या बाटलीकडे मी जरा आदराने पाहू लागलो.

ते पाणी तिने प्रयोगशाळेत आम्लात उकळले. बाकीचे सारे जळून जाते, काच तेवढी उरते. मग सूक्ष्मदर्शकाखाली दहा मायक्रॉनांत किती रेघा, हे मोजणे. मिलिमीटरचा शंभरावा भाग तो! त्यात एक गदेच्या आकाराची आकृती तिला सापडली. हाताशी असलेल्या कुठल्याच ग्रंथात ती मिळेना. मी लगेच बारशाला बसलो: "नाव ठेव 'वाघोलिएन्सिस'!"

"आधी जुने लेख पाहायचे, काका. नमुन्याची काच संग्रहालयात ठेवायची, वर्णन छापायचे. मग नाव."

महिनाभर ती जुनी नियतकालिके चाळत बसली. आणि एका संध्याकाळी शांतपणे म्हणाली, "आपले बारसे राहिले." एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर परिसरातल्या डायाटमांवर १९५८ साली लेख लिहिला होता. त्यातल्या हाताने काढलेल्या एका चित्राशी तिची गदा रेघेरेघेने जुळली.

मला हळहळ वाटली. तिला नाही. "उगीच नवे नाव दिले असते, तर पुढच्याला दोन नावांचा गुंता सोडवावा लागला असता," ती म्हणाली. खरी नवी सापडतातही. २०२४ मध्ये पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 'इंडिकोनेमा' ही नवी प्रजातीच जाहीर केली. तिच्या कवचाच्या दोन्ही टोकांना छिद्रांचे पट्टे आहेत. तिच्या भाईबंदांत ते फक्त पायाकडच्या टोकाला असतात. एवढ्याशा फरकावर नवे कुळ मांडायचे, म्हणजे आधीचे सारे पाहिलेले हवे.

त्या रात्री मी टेबलाचा खण उघडला. एका ओवीच्या अर्थावरचा माझा निबंध परिसंवादासाठी तयार होता. पहिल्याच वाक्यात 'प्रथमच' हा शब्द होता, आणि जुने टीकाग्रंथ मी काही पुरते चाळले नव्हते. 'प्रथमच'वर मी काट मारली. निबंध अजून खणातच आहे. दिवाळीची सुट्टी ग्रंथालयात जाणार, हे सौभाग्यवतींना सांगायचे तेवढे राहिले आहे.