पहिला मान पाताळाचा

‘द गेम अवॉर्ड्‌स’ हा व्हिडिओ गेमच्या जगातला सर्वाधिक गाजावाजा होणारा पुरस्कार. जेफ कीली यांनी तो २०१४ साली सुरू केला. जगभरातील माध्यमसंस्था प्रत्येक विभागासाठी आपल्या पसंतीचे पाच गेम कळवतात, जास्तीत जास्त याद्यांत आलेल्या गेमना नामांकन मिळते आणि अंतिम निकालात या ज्युरीच्या मताला ९० टक्के, तर खेळणाऱ्यांच्या मताला १० टक्के वजन असते. लोकशाहीचा मान राहावा म्हणून दहा, तिचा उपद्रव होऊ नये म्हणून नव्वद. १० डिसेंबर २०२० रोजी या हिशेबाने ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्याला एकूण सात पुरस्कार मिळाले. नामांकनाच्या सहा गेममध्ये असलेला ‘हेडीज’ मागे राहिला, आणि चूक झाली ती इथेच.

‘लास्ट ऑफ अस’चा हा दुसरा भाग सामान्य नाही. तो जून २०२० मध्ये आला, तेव्हा तो पुरता न खेळताच शून्य गुण देणाऱ्यांची झुंबड उडाली होती. त्या जमावाशी या मतभेदाचे काही नाते नाही. नॉटी डॉग या कंपनीच्या कारागिरीला तोड नाही. नायिका एलीच्या सूडाची कथा अर्ध्यावर सोडून, जिचा राग यावा असाच बेत असलेली तिची वैरीण अ‍ॅबी खेळणाऱ्याच्या हाती देणे, हे धाडस दुसऱ्या कोणी क्वचितच केले असते. पण कथा ऐन रंगात आली की पडदा सिनेमाचा होतो आणि हातातला कंट्रोलर काही काळ शोभेची वस्तू ठरतो. हिंसा कशी माणसाला पोखरते हे गेम बजावून सांगतो, मात्र पुढची खोली ओलांडायची तर चार गळे चिरावेच लागतात. खेळणाऱ्याला नको असलेले कृत्य बटण दाबून करायला लावायचे आणि मग त्याचीच शरम वाटून घ्यायला सांगायचे, हा सौदा वीस-पंचवीस तासांत थकवतो.

‘हेडीज’मध्ये कथा आणि खेळ यांच्यात असे भांडण नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरजायंट गेम्स या छोट्या चमूने तो घडवला. ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रिअस घरातून पळू पाहतो, वाटेत मरतो आणि पुन्हा बापाच्याच दिवाणखान्यात येऊन पडतो. इतर गेममध्ये मरण म्हणजे वाया गेलेला वेळ. इथे मेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. परतलेल्या मुलाला बाप टोमणा मारतो, दाराशी झोपाळू हिप्नॉस त्याला कशाने मारले ते वाचून दाखवतो, रुसलेली माणसे थोडी थोडी बोलती होतात. पाताळातून एकदा निसटूनही कथा संपत नाही. आईचा शोध तडीस जायला अनेक फेऱ्या लागतात. हे कादंबरीत जमणार नाही, सिनेमात तर नाहीच.

पुढच्या वर्षी ब्रिटनच्या बाफ्टाने सर्वोत्तम गेमचा मान ‘हेडीज’ला दिला. अमेरिकेतील डाइस आणि जीडीसी या पुरस्कारांनीही तोच गेम निवडला. हे दोन्ही पुरस्कार प्रामुख्याने गेम बनवणाऱ्यांच्या मतांवर ठरतात. समीक्षकांना भव्यता भावली आणि कारागिरांना रचना, असे म्हणता येईल. जनतेच्या मताचे म्हणाल तर गंमतच आहे: द गेम अवॉर्ड्‌सच्या निव्वळ लोकमताच्या विभागात ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ जिंकला, बाफ्टाच्या लोकमतात ‘लास्ट ऑफ अस’. जनतेचा कौल कोणता, हे जनतेलाच विचारलेले बरे.

द गेम अवॉर्ड्‌सच्या नामांकनातल्या सहांत ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ नव्हता. उत्कृष्ट दिग्दर्शनाच्या विभागात त्याला नामांकन होते, म्हणजे गुणवत्तेबद्दल शंका नव्हती. पण तो खेळायला महागडा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट लागतो. पुष्कळ याद्यांत नाव असणे ही अट असेल, तर जे यंत्र मोजक्यांच्याच घरी आहे त्यावरचा गेम मोजणीआधीच हरलेला असतो. त्याची समजूत व्हीआरचा वेगळा पुरस्कार देऊन घातली गेली.

‘वर्ष’ या शब्दाबाबतही या मंडळींचे धोरण उदार होते. ‘हेडीज’ अपुऱ्या अवस्थेत, ‘अर्ली अ‍ॅक्सेस’मध्ये, विक्रीला आला तो डिसेंबर २०१८ मध्ये, याच पुरस्कारांच्या त्या वर्षीच्या सोहळ्याच्या रात्री, तो पुरा झाला सप्टेंबर २०२० मध्ये आणि तेव्हाच मोजला गेला. हा नियम ठीक वाटतो. पण ‘अमंग अस’ मूळ २०१८ चा. टाळेबंदीत तो घरोघरी खेळला गेला, आणि दोन वर्षांनी २०२० चा सर्वोत्तम मोबाइल गेम ठरला, शिवाय सर्वोत्तम मल्टिप्लेअरही. ‘सायबरपंक २०७७’ २०२० च्या सोहळ्याच्याच दिवशी बाजारात आला. नामांकनाची मुदत उलटून गेली होती म्हणून ज्युरी बचावली. त्यातल्या दोषांमुळे आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला.

पदार्पणाच्या विभागात पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ नामांकनात होता. तो हरला याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्यातले महाल आणि भित्तिचित्रे देखणी आहेत, पण लढाया त्याच त्या होतात आणि शेवट आटोपता घेतल्यासारखा येतो. पुरस्कार मिळाला तो ‘फॅस्मोफोबिया’ला. भुते शोधण्याचा हा गेम चौघे मिळून खेळतात तेव्हा धमाल येते हे खरे. तो सप्टेंबर २०२० मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला होता आणि पुरस्कार घेतला त्या रात्रीही अपुराच होता. ‘राजी’ निदान पूर्ण होता.