विमान आपले, इंजिन कोणाचे?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमाने भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी नाशिकजवळील ओझर येथे तेजस मार्क-१ए विमानांच्या नव्या उत्पादन-शाखेचे उद्घाटन झाले. मिगच्या निवृत्तीमुळे मंजूर ४२ लढाऊ तुकड्यांपैकी २९ च उरल्या. पुढील विमान कोणते, या चर्चेत वेग, पल्ला आणि क्षेपणास्त्रे यांचीच तुलना केली जाते. मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

मर्यादित साधनांच्या देशाला योग्य विमान ते, जे संकटकाळी उडेल की नाही हे विकणाऱ्याच्या राजधानीत ठरत नाही. भिलाई पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या हथखोजच्या औद्योगिक क्षेत्रात लेथवर उभ्या असलेल्या कामगाराला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. सुट्या भागांची, यंत्र चालेल तोवर.

लहान हवाई दलाची कोंडी कशी होते, हे अर्जेंटिनाने अनुभवले आहे. २०१५ मध्ये त्या देशाची मिराज विमाने निवृत्त झाली. दक्षिण कोरियाची एफए-५० विमाने घेण्याचा प्रयत्न २०२० मध्ये अडला, कारण त्यांतील काही भाग ब्रिटिश बनावटीचे होते आणि ब्रिटनने त्यांच्या निर्यातीला नकार दिला. माल्विनास युद्ध १९८२ साली संपले, तरी नकाराधिकार शाबूत राहिला. अखेर २०२४ मध्ये अर्जेंटिनाने अमेरिकेच्या संमतीने डेन्मार्कची जुनी २४ एफ-१६ विमाने घेतली.

१९५५ च्या सोव्हिएत करारातून भिलाईला पोलाद कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये हाच मार्ग विमानांच्या बाबतीत स्वीकारला गेला. पाकिस्तानला अमेरिकेची एफ-१०४ विमाने मिळाली होती. भारताने मिग घेऊ नये म्हणून अमेरिका व ब्रिटन यांनी दबाव आणला. सोव्हिएत संघाने विमानांबरोबर उत्पादनाचा परवानाही दिला. ओझरला सांगाडा, कोरापुटला इंजिन, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक उपकरणे, अशी सार्वजनिक क्षेत्राची साखळी त्यातून निर्माण झाली.

तथापि परवाना म्हणजे स्वतःचे संशोधन नव्हे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर सुट्या भागांची टंचाई जाणवली. पर्यायी विमानाला दशकानुदशके विलंब झाला आणि जुन्या मिगच्या अपघातांत अनेक तरुण वैमानिकांनी प्राण गमावले. त्याआधी १९६१ मध्ये प्रथम उडालेले स्वदेशी मारुत विमानही योग्य शक्तीच्या इंजिनाअभावी कायम दुर्बळच राहिले. हा धडा राज्यकर्त्यांनी गिरवला नाही. १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी इंजिन तेजसला लागलेच नाही. २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांची मागणी नोंदवली गेली, पण त्यांचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. मार्च २०२४ पर्यंत पहिले विमान मिळायचे होते. त्या मागणीतले पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये आले. सांगाडे ओझर-बंगळूरचे आणि वेळापत्रक परदेशी मक्तेदार कंपनीचे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

दुसरीकडे राफेलच्या १२६ विमानांची, त्यातील १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधण्याची योजना गुंडाळून केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३६ तयार विमाने खरेदी केली. अशा खरेदीने तुकड्यांची गरज काही काळ भागेल. कारखान्याचे कौशल्य वाढणार नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. इंजिन-संशोधनाला पुरेसा व अखंड निधी द्यावा. प्रत्येक मोठ्या खरेदीतील सुटे भाग, दुरुस्ती आणि तंत्रज्ञान-हस्तांतर यांच्या अटी संसदेपुढे मांडाव्यात. सार्वजनिक कारखान्यांतील कायम स्वरूपाच्या कामावरील कंत्राटी पद्धत बंद करावी, कारण वर्षानुवर्षे मिळवलेले कौशल्य कंत्राट संपताच रस्त्यावर येते. याचबरोबर शेजाऱ्यांशी शांततेचे धोरण जोपासावे. शस्त्रस्पर्धा जितकी कमी, तितका विक्रेत्यांचा फास सैल. कामगारवर्गाला विमानही हवे आणि शांतताही. पण या दोहोंची किल्ली परक्या हातात असता कामा नये.