चेहरे आणि अधिकार : ‘स्टार ट्रेक’च्या पुरोगामीपणाविषयी

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी विज्ञानमालिका पुरोगामी आहे, हे विधान एव्हाना इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. ८ सप्टेंबर १९६६ रोजी ती अमेरिकेत सुरू झाली. शीतयुद्ध आणि नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना जीन रॉडनबेरी यांनी एकाच अंतराळयानावर कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी उहुरा, आशियाई वंशाचा सुलू आणि दुसऱ्या पर्वापासून रशियन चेकॉव्ह यांना आणून बसवले. हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पडद्यावर कोण दिसते, एवढ्यावर थांबणारी समीक्षा आम्हांला अपुरी वाटते. निर्णय कोण घेते आणि कथा कोण सांगते, हे खरे प्रश्न आहेत.

या कसोटीवर मूळ मालिका काहीशी उणी पडते. पहिल्या पर्वानंतर आपण मालिका सोडणार होतो, पण मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपले मन वळवले, अशी आठवण उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स यांनी सांगितली आहे. ती भूमिका नुसती दिसणेही किती मोलाचे होते, हे त्यावरून कळते. तरीही कथानकात उहुराच्या वाट्याला बहुधा संदेशांची देवाणघेवाण एवढेच काम येई. १९६८ मधील तिचे आणि कर्कचे गाजलेले चुंबनही परक्या शक्तीने त्यांच्याकडून बळजबरीने घडवून आणलेले आहे. १९६९ च्या अखेरच्या भागात तर कप्तानपदाची आकांक्षा धरणारी स्त्री केवळ मनोविकृत म्हणून रंगवली आहे.

भारतीय वाचकाला आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागातील खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातील, बहुधा शीख, असल्याचा उल्लेख आहे. ही भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी केली. २०१३ च्या चित्रपटात ती बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या ब्रिटिश नटाकडे गेली. नाव आपले, चेहरा दुसऱ्याचा. सेहेचाळीस वर्षांत प्रगती झाली असे म्हणावे, तर ती कोणत्या दिशेने?

मात्र या मालिकेने स्वतःचीच उलटतपासणी केल्याचे एक उदाहरण आहे आणि आमच्या मते तेच तिचे सर्वांत मोठे यश होय. ‘डीप स्पेस नाइन’मधील ‘फार बियाँड द स्टार्स’ (१९९८) या भागात कृष्णवर्णीय कप्तान सिस्को स्वतःला १९५० च्या दशकातील न्यूयॉर्कमध्ये, बेनी रसेल नावाचा विज्ञानकथालेखक म्हणून पाहतो. बेनी कृष्णवर्णीय कप्तानाची कथा लिहितो. संपादक ती नाकारतो. सारे स्वप्न होते असे दाखवा, अशी तडजोड सुचवली जाते. बेनी ती मान्यही करतो, तरीही मालक छापलेला अंक नष्ट करायला लावतो. त्याच कचेरीतील एक लेखिका स्त्री असल्याचे लपवण्यासाठी आद्याक्षरांनी लिहिते. वाचकांसाठी छायाचित्र काढण्याच्या दिवशी या दोघांनी न आलेलेच बरे, असे सुचवले जाते. भविष्याची कल्पना करण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न येथे थेट विचारला आहे. दलित साहित्याच्या चर्चेतून गेलेल्या मराठी अभ्यासकाला त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

‘डिस्कव्हरी’ (२०१७–२०२४) आल्यावर मालिकेत आता राजकारण शिरले, अशी ओरड झाली. ती आम्हांस मान्य नाही. अर्धा चेहरा काळा व अर्धा पांढरा असलेले दोन जीव, केवळ कोणती बाजू काळी यावरून एकमेकांचा द्वेष करतात, ही कथा १९६९ मधली आहे. राजकारण पहिल्यापासूनच होते. नव्या पर्वांनाही आपण जुनीच कसोटी लावावी : मायकेल बर्नहॅम ही कृष्णवर्णीय स्त्री कप्तान होते, हे महत्त्वाचे, पण तिच्या निर्णयांनी कथेला वळण मिळते, हे त्याहून महत्त्वाचे. वैविध्य शिरगणतीने सिद्ध होत नाही; ते कथेतील अधिकाराच्या वाटणीत शोधावे लागते.