मुलाजवळ राहणार कोण?

लहान मुलाचं ऑपरेशन ठरलं, की आमच्या पार्ल्यात पहिला प्रश्न येतो, डॉक्टर कोण? दुसरा, खर्च किती? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मुलाजवळ राहणार कोण? त्याचं उत्तर सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. आई!

आईने मुलाच्या खाटेपाशी असावं, यात सांगण्यासारखं काय, असं आपल्याला वाटेल. पण इंग्लंडला ही गोष्ट समिती नेमून शिकावी लागली. तिकडच्या अनेक इस्पितळांत आईवडिलांना मोजके तासच मुलाला भेटता येई. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचा इस्पितळातला मुक्काम चित्रित केला. आईवाचून ती कशी कोमेजत गेली, हे त्यात दिसलं. डॉक्टरमंडळी आधी रागावली. पुढे १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट या सर्जनच्या समितीने आईवडिलांना मुलांच्या वॉर्डाची दारं खुली करा, अशी शिफारस केली.

आपल्याकडे आईला वॉर्डातून फारसं कुणी हाकललं नाही. मात्र त्यात तत्त्वापेक्षा सोयीचाच भाग मोठा. परिचारिका कमी, मुलं जास्त. दूध पाजायला, अंग पुसायला, रात्री सलाइनचा हात धरून बसायला आई हवीच. तिच्या झोपेसाठी खाटेशेजारची सतरंजी, आणि जेवणासाठी घरून येईल तो डबा.

डिसेंबर २०१७ मध्ये परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात सव्वा वर्षाच्या सयामी जुळ्या भावांना वेगळं करण्यात आलं. वीसेक डॉक्टर बारा तास खपत होते. त्या बारा तासांचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्याआधीचे पंधरा महिने आणि त्यानंतरचे बरे होण्याचे दिवस कुणी काढले? ते आईबापांच्याच खात्यावर पडतात, आणि त्या खात्याचं पासबुक कुणी भरून देत नाही.

या खात्यात बापाच्या नावावर काय असतं? औषधांच्या दुकानाची रांग, पैसे भरण्याची खिडकी आणि दुसऱ्या दिवशीची लोकल. मी बँकेत अधिकारी होतो. स्वतःच्या दुखण्याला रजा होती, मुलाच्या दुखण्याला नव्हती. मग मुलगा इस्पितळात असलेले धडधाकट बाप पाठदुखीचा दाखला आणून देत. सरळ माणसाला खोटं लिहायला लावणारा नियम, हा नियमाचाच दोष.

केंद्र सरकारने २००८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा दिली. २०१८ मध्ये ती पुरुषांनाही मिळाली, पण विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित असलेल्यांनाच. म्हणजे बायको हयात आणि सोबत असली, की बापाची गरज संपली!

माझं म्हणणं एवढंच, की उशाशी बसण्याची पाळी लावावी. रात्री वॉर्डात बायका झोपलेल्या असतात, तेव्हा पुरुषांना तिथे मज्जाव असणं समजू शकतं. पण दिवसा बाप बसला, तर आईला चार तास झोप मिळेल. ऑपरेशनआधी सहा तास उपाशी असलेल्या मुलाला गोष्टी सांगायला बापाचा आवाजही चालतो. ‘काही दुखणार नाही’ असं मात्र कुणी सांगू नये. दुखेल, पण मी इथेच आहे, हे सांगावं. शुद्धीवर आलेल्या मुलाला खरं बोलणारं माणूस समोर हवं असतं.

आणि आपण शेजारीपाजारी, काका-मावश्या? भेटीच्या वेळेला बिस्किटांचे पुडे घेऊन गर्दी करू नये. घरी राहिलेल्या थोरल्या मुलीला शाळेत पोचवावं, तिची वेणी घालावी, डबा न विचारता पाठवावा. इस्पितळाची पायरीही न चढता आजारी मुलाची सेवा करता येते, आणि ती आईपर्यंत बरोबर पोचते.