पिशवीच्या ऑपरेशनची तपासणी डॉक्टरांनीच करावी

मांजरसुंब्याच्या चौकातून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत गर्भपिशवी काढलेल्या तरुण बायका किती, याचा अंदाज २०१९ साली आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

यावर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीचा उपाय पुढे आला. त्यामुळे धाक बसतो, हे खरे. पण कागद पाहून दिलेल्या परवानगीतून डॉक्टरचा निर्णय बरोबर होता का, ते कळत नाही. जिच्या अंगावरून महिनोन्महिने रक्त जाते, तिला ताटकळावे लागू शकते ते वेगळेच.

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात ना संडास ना पुरेसे पाणी. वारंवारच्या दुखण्याला कंटाळून बाईच ‘काढून टाका’ म्हणते. ही सगळी परिस्थिती डॉक्टरने निर्माण केलेली नाही. मात्र आधी औषधे देऊन पाहिली का, सोनोग्राफीत काय दिसले, काढलेली पिशवी पॅथॉलॉजीकडे पाठवली का आणि तिथून काय अहवाल आला, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल. आणि ही उत्तरे पारखू शकतो तो दुसरा स्त्रीरोगतज्ज्ञच.

अडचण इथेच आहे. लहान शहरात डॉक्टर एकमेकांकडे पेशंट पाठवतात, त्यामुळे शेजारच्या डॉक्टरविरुद्ध लिहायला हात धजत नाही. म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही नावे झाकून केसपेपर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडे जावेत. नुसती संख्या मोजू नये. अवघड केस घेणाऱ्याच्या नावावर गुंतागुंतही जास्त दिसणारच. पहिल्या चुकीला समज द्यावी, ती गुप्त राहिली तरी चालेल, कारण बदनामीच्या भीतीने कागदच बदलले जातील. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली, तर प्रकरण महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे गेलेच पाहिजे.

जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला सांगितले. हे संरक्षण योग्यच आहे. पण ते घेणाऱ्या व्यवसायाने आपल्या लोकांची परीक्षाही प्रामाणिकपणे घ्यायला हवी. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असा आदेशही याच न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. बीडने चाळिशीच्या आतल्या प्रत्येक केसपासून ही तपासणी सुरू करावी आणि नावे वगळून तिचे निष्कर्ष दरवर्षी जाहीर करावेत.