रस्ता कोणाचा?

अमेरिकेत मिनियापोलिस नावाचे एक शहर आहे. हिवाळ्यात तेथे खूप बर्फ पडतो. रस्त्यावर बर्फ जास्त साचला, की महापालिका तशी घोषणा करते. मग पहिल्या रात्री मुख्य रस्ते रिकामे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी इतर रस्त्यांवरील सम क्रमांकाच्या घरांची बाजू आणि तिसऱ्या दिवशी विषम क्रमांकाच्या घरांची. रिकाम्या जागेतून बर्फ बाजूला सारणारी यंत्रे फिरतात. जो आपली गाडी हलवत नाही, त्याला दंड होतो आणि त्याची गाडी उचलून नेली जाते.

आपल्या विजयदुर्गात बर्फ पडत नाही. मग ही गोष्ट आपल्याला कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण मे महिना आठवा. किल्ला पाहायला पाहुणे येतात. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहतात. एस.टी.ला वळायला जागा उरत नाही. पावसाळ्यापूर्वी गटार उपसायला माणसे येतात, तर गटारावरच गाडी उभी असते. मग मृगाचा पाऊस रस्त्यावरून वाहतो.

एकदा अशा गर्दीत मी एक रुग्णवाहिका अडकलेली पाहिली. आत एक म्हातारी धापा टाकत होती. तिला देवगडला न्यायचे होते. वाटेत लावलेल्या गाडीचा मालक किल्ल्यात फिरत होता. शेवटी आम्ही दहाबारा जणांनी ती गाडी उचलून बाजूला सरकवली. त्या दिवशी कोणी आम्हांला जुलमी म्हटले नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी हलवण्याचा अधिकार त्याच्या कलम १२७ ने गणवेशातील पोलिसाला दिला आहे. मला हा अधिकार योग्य वाटतो.

पण त्याची दुसरी बाजूही मी भोगली आहे. एका शहरात माझी स्कूटर उचलून नेली. तेथे मनाईचा फलकच नव्हता. दंड भरताना मला फार राग आला. तो राग चुकीचा होता, असे मला आजही वाटत नाही. रिक्षावाल्याची तर अशाने दिवसाची कमाई बुडते.

म्हणून आधी सांगावे, आधी जागा द्यावी, मग दंड करावा. आपल्या ग्रामपंचायतीने पाहुण्यांच्या गाड्यांसाठी गावाबाहेर मोकळी जागा ठरवावी आणि ठळक फलक लावावेत. तेथून किल्ल्यापर्यंत चालत यावे. ज्यांना चालवत नाही त्यांनी रिक्षा करावी. त्यात आपल्या रिक्षावाल्यांचेही भले आहे. एवढे करूनही कोणी वाट अडवली, तर त्याची गाडी खुशाल उचलावी.

'रस्ता' हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच: ज्यावरून जायचे, तो. म्हणून रस्त्यावर पहिला हक्क जाणाऱ्याचा, थांबणाऱ्याचा त्यानंतर.