मंद आचेवरचा सण

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या बायकांच्या मासिकांत आणि टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमांत एक पदार्थ हमखास हजेरी लावतो : स्लो-कुकरमध्ये केलेले नाताळचे हॅम. ईस्टरच्या सुमारास तोच पदार्थ पुन्हा येतो. सूर ठरलेला असतो. काम भांड्यावर सोपवा आणि तुम्ही सणाचा आनंद घ्या!

पाककृती खरोखरच सोपी आहे. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवलेली आणि बहुतेक वेळा धुरी दिलेली. दुकानात मिळते ते बहुधा आधीच शिजवलेले असते, घरी फक्त आतपर्यंत नीट गरम करायचे. अडीच-तीन किलोंचा तुकडा, वर तपकिरी साखर, मोहरीची पेस्ट, लवंगा, अननसाचा रस. झाकण लावायचे, बटण मंद आचेवर फिरवायचे आणि चार-पाच तासांनी जेवायला बसायचे. शिवाय ओव्हन मोकळा राहतो, त्यात दुसरे दोन पदार्थ करता येतात, हा फायदाही आवर्जून सांगितलेला असतो. म्हणजे एका भांड्याने वाचवलेली जागा त्याच दिवशी, त्याच बाईच्या हातून पुन्हा भरून निघते.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, डुकराच्या मांडीशी आणि तिकडच्या नाताळशी आपल्याला काय करायचे आहे? पण या भांड्याची जन्मकथा पाहिली, तर बायकांच्या श्रमांबद्दल आपण इतकी वर्षे जे बोलत आलो ते सगळे त्यात सापडते.

स्लो-कुकरचा मूळ जनक अर्विंग नॅक्सन हा अमेरिकन ज्यू संशोधक. लिथुआनियातल्या विल्ना शहरातली एक आठवण त्याची आई सांगत असे. ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, चूल पेटवायची नाही, कोणतेही काम करायचे नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच घराघरांतून घेवडा, बार्ली, बटाटे आणि मांस घातलेली ‘चोलंट’ची मडकी पावाच्या भट्टीत नेऊन ठेवायची. भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ती रात्रभर शिजायची आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण तयार! या आठवणीवरून नॅक्सनने विजेवर चालणारे मंद आचेचे भांडे तयार केले. १९४० साली त्याला पेटंट मिळाले. पुढे रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा उद्योग विकत घेतला आणि १९७१ साली हेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. शब्बाथच्या मडक्याच्या या वारसदारात पुढे डुकराची मांडी शिजू लागली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा.

पण खरा बदल पदार्थात झालेला नाही. मडके भरायचे काम विल्नातही बाईच करत होती, त्या समाजाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही दोन गोष्टी तिथे होत्या. एक, आच सगळ्यांची मिळून होती. दुसरी, त्या मंद शिजण्याचा हेतू विश्रांती हा होता आणि निदान चुलीपुरती ती विश्रांती बाईच्याही वाट्याला येत होती. १९७१ च्या भांड्यातून या दोन्ही गोष्टी वगळल्या गेल्या. आच प्रत्येकीच्या ओट्यावर वेगळी झाली आणि हेतूही बदलला. त्या काळात अमेरिकेतल्या विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीसाठी बाहेर पडत होत्या. त्यांना उद्देशून जाहिरात केली गेली की स्वयंपाकीण दिवसभर बाहेर असली तरी हे भांडे स्वयंपाक करत राहील. हे वाक्य जरा थांबून वाचायला हवे. बाई घरात नाही, आठ तास दुसऱ्याची चाकरी करते आहे, तरी त्या घराची स्वयंपाकीण तीच! पूर्वी मडके शिजत असताना बाई विसावत होती. आता मडके शिजत असताना ती कामावर असते, आणि परतल्यावर वाढायचेही तिनेच असते.

यंत्राने श्रम वाचतात हे कुणी नाकारत नाही. पण कोणते श्रम? हॅम भांड्यात गेल्यावर त्याच्याजवळ उभे राहावे लागत नाही, एवढे खरे. त्याआधीचे काय? हॅम गोठवलेले असेल तर दोन दिवस आधी आठवणीने काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे, कारण गोठलेले मांस स्लो-कुकरमध्ये फार सावकाश तापते आणि ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. तुकडा भांड्यात मावेल का, झाकण बसेल का, याचा अंदाज दुकानातच घ्यायचा. पाहुण्यांत डुक्कर न खाणारे कोण, गोड न चालणारे कोण, हे लक्षात ठेवायचे. पुढे तीन-चार दिवसांत उरलेले संपवायचे, हाडाचे घेवड्याचे किंवा वाटाण्याचे सूप करायचे, जड भांडे घासायचे. सुरुवातीच्या क्रॉक-पॉटचे आतले भांडे बाहेरही निघत नसे. ते सुटे झाले १९७४ साली. घासणारी मात्र तीच राहिली.

ही आठवण ठेवण्याची, अंदाज घेण्याची, सगळ्यांची मर्जी सांभाळण्याची कामे कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात नसतात. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवून दिले आहे की घरगुती यंत्रांनी अनेकदा पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याची कामे कमी केली. नव्या शेगड्या आल्या तशी लाकडे फोडण्यातून पुरुषाची सुटका झाली. बाईचा स्वयंपाक संपला नाही, उलट अपेक्षा वाढल्या. एका भांड्यात शिजणाऱ्या जेवणाच्या जागी चार पदार्थ आले. सणाच्या टेबलावर आजही तेच घडते.

असे असले तरी या भांड्याची टिंगल करून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी एका अभ्यासदौऱ्याच्या निमित्ताने अमेरिकेतल्या एका शहरात, हिंसाचारामुळे घर सोडलेल्या स्त्रियांच्या आधारगृहात मला काही आठवडे काम करता आले. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलांसह बाहेर पडलेली एक बाई तिथे होती. दोन पिशव्या कपडे आणि एक स्लो-कुकर, एवढाच तिचा संसार. आधारगृहात जागा मिळेपर्यंत ती महिनाभर एका स्वस्त मोटेलच्या खोलीत राहिली होती. खोलीत शेगडी नाही, ओव्हन नाही, स्वयंपाकाला परवानगीही नाही. बाथरूममधल्या प्लगला हे भांडे लावून, दाराच्या फटीला टॉवेल लावून तिने मुलांना गरम अन्न घातले होते. नाताळच्या सुमारास तिला एका दानपेटीतून आख्खे हॅम मिळाले, तेव्हा ती हसून म्हणाली, “देणाऱ्यांना वाटतं, गरिबाकडे पैसे नसतात, पण ओव्हन असतोच!” दान देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घर असते, घरात ओव्हन असतो आणि ओव्हनपाशी बाई असते. बेघर बाई त्या चित्रात बसत नाही. अशा बाईच्या हातात हे भांडे म्हणजे स्वातंत्र्याचे साधन असते, हे आपण मान्य केले पाहिजे.

तिचे ते हॅम आधारगृहाच्याच स्वयंपाकघरात शिजले. तिथे कामांचा तक्ता भिंतीवर लावलेला असे. मांस वितळायला कोण काढणार, बटाटे कोण सोलणार, भांडी कोण घासणार, सगळ्यांची नावे लिहिलेली. दहा वर्षांवरच्या मुलग्यांचीही नावे त्यात होती आणि त्यावरून कुरकुरही झाली. जेवताना ती बाई म्हणाली की लग्नानंतर सणाचे जेवण गरम असताना आणि बसून खाण्याची तिची ही पहिलीच वेळ. भांडे तेच होते. फरक पडला तो तक्त्यामुळे.

अमेरिकेतल्या सगळ्याच नोकरदार बायकांना असा तक्ता कुठून मिळणार? खासगी मालकाने सणाची भरपगारी सुट्टी द्यावी असा केंद्रीय कायदा त्या श्रीमंत देशात नाही. दुकानातल्या गल्ल्यावरची, रुग्णालयातली, वृद्धाश्रमातली बाई ऐन नाताळातही पाळीवर जाते. ती पहाटे हॅम भांड्यात ठेवून निघते याचे कौतुक ‘चतुर गृहिणी’ म्हणून होते. तिला सुट्टी का नाही आणि घरात असलेल्या माणसाला भांडे का लावता येत नाही, हे दोन प्रश्न मात्र पाककृतीच्या चौकटीत मावत नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून याच भांड्यात राजमा, छोले, खीर शिजते आणि ऑफिसला जाण्याआधी ते लावणारी बहुधा घरातली बाईच असते. इथे आपल्या ओट्यावर प्रेशर कुकर आहे. त्याने डाळ-भाताचा वेळ कितीतरी वाचवला, पण घरातल्या पुरुषाकडे काम आले ते किती? “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा,” एवढेच! आणि तेही बाईने बाहेर पडताना सांगायचे, नंतर फोन करून आठवणही द्यायची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषाने उचललेली नाहीत. त्याचीही नऊ कमीच झाली. आणि हे पुरुष म्हणजे जे मुळात घरकाम करतात तेवढेच. बहुसंख्य पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत.

म्हणून मला वाटते, ‘कोणते यंत्र घ्यावे’ या चर्चेत आपण फार रमू नये. यंत्र जरूर घ्यावे. बाईच्या पाठीला आराम देणारी कोणतीही वस्तू चैन नसते, आणि ती घेताना तिने अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. पण यंत्र आल्यामुळे कामाची वाटणी बदलली, असे कुणी सांगू लागले तर तिथे त्याला अडवले पाहिजे. यंत्र काम करण्याची पद्धत बदलते. ते काम कुणाचे, हे माणसांनीच ठरवावे लागते.

गटांच्या बैठकांतून एक गोष्ट करून पाहता येईल. दिवाळीच्या महिनाभर आधी प्रत्येकीने आपल्या घरातल्या सणाच्या कामांची यादी करावी. चकली तळणे, करंज्या भरणे तर येईलच, पण डबे पुसणे, भाजणी दळून आणणे, कुणाला काय आवडते ते लक्षात ठेवणे, फराळाची ताटे पोचवणे, तेलकट कढया घासणे हेही त्यात लिहावे. मग ती यादी घरात सगळ्यांसमोर वाचावी आणि प्रत्येक कामापुढे एक नाव घालावे. “मी मदत करीन” हे उत्तर चालवून घेऊ नये, कारण मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते. आपल्या वाट्याचे काम आठवण्यापासून घासण्यापर्यंत पूर्ण आपले असते. घरोघरी काय झाले, कुठे वाद झाला, कुणाचे नाव कशापुढे लागले, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.